जिन्यातली हजेरी

४ ऑक्टोबर, सोमवार

पोचले. सामान सगळं आलं, फक्त उशी विसरले. ही वही लेकीने दिली आहे. तिचं म्हणणं असं की मी बाहेरगावी कामाला गेले की फोनवर नुसतं ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणते आणि घरी आल्यावर दोन दिवस सगळ्यांवर डाफरत बसते. त्यापेक्षा रोज लिहून काढ म्हणे. सोळा वर्षांची झाली, आता ती मला वळण लावणार. बरं, लिहिते.

काम झकास आहे. पाच मजल्यांची जुनी इमारत, पूर्वी कुठल्याशा कारखान्याचे कामगार राहायचे, मग बरीच वर्षं बंद पडली होती. आता डागडुजी केली आहे आणि एक तारखेला कुटुंबं राहायला येणार आहेत. त्याआधी प्रत्येक खोलीत आणि प्रत्येक बोळात धुराचा अलार्म बसला पाहिजे. नुसत्या सेलवर चालणारा, दोन वर्षांत मान टाकणारा डबा नव्हे. थेट मेन लाइनवरचा, आणि सगळे एका वायरीने एकमेकांना जोडलेले. एकाला धूर लागला की चौसष्टच्या चौसष्ट बोंबलणार. तळमजल्यावर आग लागली तरी पाचव्या मजल्यावरचं बाळ वेळेवर जागं होणार. घरात बसवायच्या वस्तूंमध्ये इतकी शहाणी वस्तू मला दुसरी माहीत नाही.

इमारतीच्या मधोमध जिना आहे आणि जिन्याच्या मध्ये पोकळी. खाली उभं राहून मान वर केली की थेट पाचव्या मजल्याचं छत दिसतं. मेन बोर्ड या जिन्याखालीच आहे. मला हे फार आवडलं. बोर्डापाशी उभं राहून पाचही मजल्यांवर ओरडता येतं, फोनाफोनीची कटकट नाही.

मला दिलेली खोली तळमजल्यावर, राखणदाराच्या शेजारी. खाट, टेबल, खिडकी, आणि खिडकीबाहेर भिंत. राखणदार अबोल आहे. त्याने किल्ल्यांचा जुडगा दिला, त्यात पाचव्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीची किल्ली नव्हती. विचारलं तर म्हणाला, तिथे काही काम नाही. मी म्हटलं, छत आहे ना? मग काम आहे. यादीत त्या खोलीपुढे एक बाई आणि तिची दोन लहान मुलं असं लिहिलेलं आहे. त्यांना काय धूर लागत नाही?

आधीचे दोन ठेकेदार हे काम अर्धवट टाकून गेले असं ऑफिसात कळलं. कारण कुणी धड सांगत नाही. जाऊ देत. अर्धवट काम मला बघवत नाही, त्यामुळे मी इथे अगदी योग्य ठिकाणी आले आहे.

५ ऑक्टोबर, मंगळवार

माझे तिघे शिकाऊ हजर झाले. तासाभरात तिघांना टोपणनावंही पडली. पहिला ताडमाड उंच, त्याचा हात छताला नुसता उभं राहून पोचतो, म्हणून शिडी. दुसऱ्याला काहीही सांगा, तो आधी ‘पण ताई’ म्हणतो. तो वकील. तिसरी मुलगी, चणीने एवढीशी. छताच्या पोकळीत शिरायला जो चौकोनी झरोका ठेवतात त्यातून ती सुळकन आत जाते. ती चिमणी. तिघंही एकोणीस-वीसचे. आधी मॅडम म्हणत होते, ते मी लगेच बंद केलं. मॅडम म्हटलं की मी कुणाचा तरी अर्ज अडवून बसले आहे असं मला वाटतं.

शिडीने पहिली पट्टी उलटी बसवली आणि अलार्म तिच्यात का अडकत नाही म्हणून अलार्मलाच धपाटे घालत बसला. वकिलाने दहा मिनिटं खर्चून सिद्ध केलं की स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावला तर लोक स्वयंपाक करणं सोडतील. मी म्हटलं, अगदी बरोबर, म्हणूनच तिथे उष्णतेवर वाजणारा लावायचा आहे, जरा यादी वाचत जा. चिमणीचा पॉइंट, म्हणजे छतातली वायर जोडायची जागा, पाहून मी काहीच बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे काम चांगलं झालं, हे तिला बरोबर कळलं आणि ती गालातल्या गालात हसली.

माझा एक नियम आहे तो तिघांकडून घोकून घेतला. वायरीला हात लावायचा तर खाली बोर्डावरची एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडायची. पुन्हा चालू करण्याआधी मी बोर्डापाशी उभी राहून एकेकाला हाक मारणार. ज्याचे हात वायरीतून बाहेर आहेत त्याने ‘बाहेर’ म्हणायचं. तिघांचं ‘बाहेर’ आलं की मी चालू करणार, त्याआधी नाही, मग छत का कोसळेना. मला शिकवणाऱ्या उस्तादाने हीच हजेरी घेतली आणि मीही वीस वर्षं हीच घेते आहे.

आज पहिल्यांदा जिन्यात हजेरी घेतली. तिघांचे आवाज वरून घुमत खाली आले, ऐकायला मजा वाटली. राखणदार त्याच्या दारात उभा होता. तिसरं ‘बाहेर’ ऐकलं आणि आत जाऊन त्याने कडी लावून घेतली. असेल, मोठ्या आवाजाचा त्रास होत असेल.

७ ऑक्टोबर, गुरुवार

दोन मजले झाले, पण आज माझं डोकं फिरलं.

साडेअकराला हजेरी घेतली. चिमणी ‘बाहेर’. वकील ‘बाहेर’. शिडी ‘बाहेर’, तेही चौथ्या मजल्यावरून, खणखणीत. मी बोट एमसीबीवर नेलं, तेवढ्यात समोरच्या दारातून शिडी आत आला, हातात स्क्रूचं पुडकं. मीच त्याला पाऊण तासापूर्वी दुकानात पाठवलं होतं आणि विसरून गेले होते.

म्हणजे त्याच्या नावाने दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं होतं. प्रॉक्सी! तिघांना ओळीने उभं केलं. सगळ्यात जास्त वकिलाला झापलं, कारण लोकांचे आवाज काढायची हौस त्याला. त्याचा चेहरा पडला. एकदाही ‘पण ताई’ म्हणाला नाही, मी नव्हतो एवढंच सांगत राहिला.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. शिकत होते तेव्हा मैत्रिणीच्या नावाने मीही वर्गात ओरडले आहे, आणि ती बाहेर मजेत हिंडत होती. पण वर्गातल्या प्रॉक्सीने फार तर एक तास बुडतो. इथे आपण दुसऱ्याच्या हातात वीज सोडतो. उद्यापासून नुसतं ‘बाहेर’ चालणार नाही, खाली येऊन तोंड दाखवायचं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अकरा वाजता, आतापर्यंत बसवलेले सगळे, एकतीसच्या एकतीस अलार्म एकदम बोंबलायला लागले. धूर नाही, वास नाही. अशा वेळी घाबरायचं नसतं, शोधायचं असतं. ज्याने सुरुवात केली त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बाकीचे नुसती त्याची री ओढतात. आम्ही चौघांनी मिळून एकूण एक अलार्म पाहिला. एकाचाही दिवा लुकलुकत नव्हता. म्हणजे सुरुवात करणारा आम्ही बसवलेल्यांपैकी नव्हताच.

मग वायर धरून निघालो. पाचव्या मजल्यावरच्या जोडपेटीत जुन्या कामातली एक वायर जास्तीची निघाली, ती त्या शेवटच्या खोलीकडे गेलेली होती. किल्ली नसेना का, कोयंड्याचे चार स्क्रू बाहेरूनच होते. पेचकस काढला, चार मिनिटांत दार उघडलं. राखणदार पाठीमागे उभा राहून नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

आत काही नव्हतं. रिकामी खोली, खिडकीतून भरपूर ऊन. छताला एक जुनी पट्टी, पट्टीतून लोंबणाऱ्या दोन वायरी, आणि त्यांच्याखाली एक लाकडी घोडा उभा, पायऱ्यांवर बोटभर धूळ. कुणीतरी काम करता करता उतरून गेल्यासारखं. अलार्म नव्हताच, मग वाजवला कुणी? मी ती जास्तीची वायर तोडली, टोकांना टेप गुंडाळला. आवाज थांबला.

दुपारी चारला सगळे पुन्हा बोंबलले. दिवा कुणाचाच लुकलुकला नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज अक्षर वाईट येईल.

बाराला हजेरी घेतली. शिडी खाली आला, वकील खाली आला. चिमणीचं ‘बाहेर’ तिसऱ्या मजल्यावरून ऐकू आलं, पण ती येईना. मी खाली ये म्हटलं. वरून तिचाच आवाज, लाडात आल्यासारखा: हात बाहेर आहेत ताई, पाय दुखतात, चालू करा ना. वकील म्हणाला, ती सांगते आहे की ताई, करून टाका. मी बोट एमसीबीवर ठेवलं. ठेवलं होतं, खोटं कशाला लिहू? पण मग चीड आली. मी नियम करायचा आणि या पोरीने दोन दिवसांत लाड करून घ्यायचे? तिला झापायला म्हणून जिना चढले. मला संशयबिंशय काही आला नव्हता. रागाने चढले.

चिमणी तिसऱ्या मजल्याच्या बोळात घोड्यावर उभी होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पॉइंटमध्ये. ओठांत सहा स्क्रू धरलेले. मला पाहून तिने भुवया उंचावल्या, कारण तिला बोलता येत नव्हतं.

मी तिच्यावर ओरडले की स्क्रू तोंडात धरायचे नसतात, किती वेळा सांगायचं. एवढं बोलले आणि मग तिला हात पॉइंटमधून बाहेर काढायला लावले. तिने एकेक स्क्रू तळहातावर काढून ठेवला. म्हणाली, हजेरी मी ऐकलीच नाही. आम्ही दोघी अशा समोरासमोर उभ्या असताना चौथ्या मजल्यावरून तिचा आवाज आला, ‘बाहेर’. तिनेही ऐकला. ती घोड्यावरून उतरली आणि माझ्या बाहीला धरून उभी राहिली, लहान मूल धरतं तशी.

तिघांना घरी पाठवलं. मी एक बोट एमसीबीवर ठेवलं होतं. माझंच बोट.

१० ऑक्टोबर, रविवार

सकाळी राखणदाराच्या दारावर थापा मारल्या, आणि त्याने उघडेपर्यंत मारत राहिले. वय विचारलं तर एक्केचाळीस म्हणाला. मी साठ धरले होते.

बावीस वर्षांपूर्वी तोही शिकाऊ होता. हीच इमारत, हेच काम. शेवटचा पॉइंट त्याच्या मित्राकडे होता, त्या वरच्या खोलीत. मित्र म्हणाला, मला अजून पाच मिनिटं लागतील, खालून हाक आली तर माझंही तूच सांग, नाहीतर साहेब म्हणेल मी कामात ढिला. हाक आली. याने आधी आपलं ‘बाहेर’ सांगितलं, मग आवाज बदलून मित्राचं. खालून वीज चालू झाली.

तो म्हणाला, मित्र काही परत आलेला नाही. तो बिचारा गेला तो गेला. इथे राहिलंय ते उत्तर. इमारत बंद होती तोवर गप्प होतं. आधीच्या ठेकेदारांनी जिन्यात हाका मारल्या आणि ते बोलू लागलं. त्यांच्या एका मुलाचा हात गेला.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, कुणी विश्वास ठेवला असता? मी म्हटलं, नसता ठेवला, पण तू सांगायचंस. घाबरायला बावीस वर्षं मिळाली आणि सांगायला पाच मिनिटं मिळाली नाहीत? काल माझी पोर गेली असती. तो रडायला लागला. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे आपटला आणि बाहेर आले.

११ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात फोन केला. साहेब म्हणाले, जमत नसेल तर परत या, पुढच्या सोमवारी दुसरी टोळी पाठवतो, सहा शिकाऊ आहेत. त्या टोळीच्या सुपरवायझरला मी स्वतः फोन लावून सांगितलं, या जिन्यात हजेरी घेऊ नका. तो हसला. म्हणाला, ताई, पंचवीस वर्षं जिन्यातूनच घेतोय.

म्हणजे मी गेले तर सहा पोरं येणार. मग मी जात नाही, झालं. चौसष्टही पॉइंट या शुक्रवारपर्यंत पुरे करते. वायरीत हात घालायला काही शिल्लकच उरलं नाही तर ओरडायला तरी कोण येईल?

तिघांना सगळं सांगितलं. ज्याला जायचं त्याने जावं, मी वाईट शेरा मारणार नाही. शिडीने खाली ठेवलेली पिशवी उघडून पकड बाहेर काढली. वकील म्हणाला, पण ताई, एकट्या तुम्ही कसं करणार? चिमणी म्हणाली, ते माझ्या आवाजात बोललं. माझा आवाज मी इथे असाच टाकून जाऊ?

मीटरवरचं सील वीज कंपनीचं, तिथून लाइन तोडता येत नाही. म्हणून दुसरा उपाय. दुपारी दुकानातून एमसीबीच्या दांडीवर बसणारा लोखंडी चिमटा आणला आणि चार कुलपं. एमसीबी पाडली की चिमटा लावायचा आणि प्रत्येकाने आपलं कुलूप त्यात अडकवायचं. लाल माझं, हिरवं चिमणीचं, निळं शिडीचं, पिवळं वकिलाचं. किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज चालू होऊच शकत नाही. हाक बंद. हजेरी बंद. कुणी काही बोलायचंच नाही.

म्हणावं, आता दे उत्तर. लोखंडाला कान नसतात.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

एका दिवसात अठरा पॉइंट! चौघं मुक्यासारखे राबलो. हातवारे करून काम चाललं होतं. वकिलाला गप्प राहण्याचा एवढा त्रास झाला की जेवणाच्या सुट्टीत तो रस्त्यावर जाऊन पाच मिनिटं एकटाच बडबडून आला.

जिन्यातल्या त्या उत्तराने दिवसभर प्रयत्न केले. कुणी न विचारता ‘बाहेर’, ‘बाहेर’, कधी शिडीच्या आवाजात, कधी चिमणीच्या. तीन वाजता माझ्या आवाजात चिमणीला खाली बोलावलं, कुलूप काढ म्हणून. ती फसली, खाली येऊन तिने आपलं कुलूप काढलं. पण शिडी वर होता आणि बाकीच्या कुलपांबरोबर त्याचं निळं जागच्या जागी होतं. मी तिकडे पोचले तेव्हा ती त्या निळ्या कुलपाकडे बघून हसत होती आणि रडतही होती.

मी जिन्याच्या मध्ये उभी राहिले आणि वर बघून अंगठा नाचवून दाखवला. चाळिशी उलटलेल्या बाईने करायची गोष्ट नव्हे. फार बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

साठ झाले.

जेवताना तिसऱ्या मजल्यावरून लेकीचा आवाज आला. ‘आई, बाहेर.’ डबा तसाच टाकून दोन मजले धावत चढले, मग भान आलं. लेकीला फोन केला. ती शाळेत होती, मधली सुट्टी होती, काय झालं म्हणून घाबरली. ठीक आहे म्हटलं. ठीक आहे, ठीक आहे.

माझ्या लेकीचा आवाज याला कुठून मिळाला? मी इथून फोनवर बोलते तेव्हा हे ऐकतं.

भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे मनात राहणार नाही. वाटते. पण साठ झालेत.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

त्रेसष्ट. उरली ती वरची खोली.

वाईट झालं एक. वकील चौथ्या मजल्यावरून धावत आला, ओठ पांढरे. शिडी बोळाच्या टोकाला पाठमोरा उभा होता, त्याने खुणेने बोलावलं म्हणे. शिडी तेव्हा माझ्याजवळ बसून वायर सोलत होता.

म्हणजे आता नुसता आवाज नाही.

त्या खोलीतल्या वायरी जळलेल्या आहेत, छताच्या पोकळीतून नव्या ओढाव्या लागतील. झरोक्यातून मी मावत नाही. प्रयत्न केला, खांदे अडकले. चिमणीच मावते. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग सोमवारी त्या सहांमधली कुणीतरी शिरेल ताई, आणि खाली तुम्ही नसाल.

मी तिची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत पुन्हा घट्ट बांधून दिली.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी दोन. एमसीबी पाडली, टेस्टरने दोनदा पाहिली. दोन कुलपं लावली, लाल आणि हिरवं. शिडी आणि वकील रस्त्यापलीकडे, राखणदार फाटकाबाहेर. काहीही ऐकलं, काहीही दिसलं तरी आत यायचं नाही असं बजावलंय. इमारतीत आम्ही दोघीच. मी बोर्डाला पाठ लावून स्टुलावर बसले आहे, वही गुडघ्यावर. लिहीत राहिलं की कान ताब्यात राहतात.

चिमणी काम संपवून येईल, गळ्यातल्या किल्लीने आपलं कुलूप आपण काढेल. तोवर मी हलणार नाही.

दोन पंचवीस. वर बॅटरीचं ड्रिल चालू आहे. शाब्बास.

दोन चाळीस. ‘बाहेर.’ चिमणीचा आवाज. ड्रिल चालूच आहे. जरा तरी डोकं वापरावं त्याने.

दोन पन्नास. शिडी. मग वकील, ‘पण ताई, पण ताई’. मग कुणीतरी अनोळखी मुलगा, एकोणीस-वीसचा. पाच मिनिटं द्या म्हणतोय. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता —

तीन. लेक. पण आताची नाही, चार वर्षांची होती तेव्हाची. बोबडी. आई, मी बाहेल आहे. रडू आलं. बसल्या जागेवर रडले. हलले नाही.

तीन दहा. कुणीतरी उतरतंय. चिमणी. केसांत चुना, हातात पकड. समोर येऊन उभी राहिली. काढ कुलूप, म्हटलं. हसली. गळ्यात दोरी आहे. दोरीला किल्ली नाही.

वर ड्रिल चालू आहे.

तीन बारा. उभीच आहे. मी वर बघत नाही. बुटांना धूळ नाही तिच्या —

तीन चौदा. बाजूला झाली. कुणाला तरी वाट देतेय. जिन्यावर पावलं. ही चाल माहीत आहे मला. डावा गुडघा सांभाळत —

माझी आहे.

माझंच जाकीट. माझी किल्ली तिच्या गळ्यात — माझी माझ्याकडे आहे, हात लावून पाहिली, आहे — हातात लोखंडी कटर.

म्हणते, मी इथली सुपरवायझर, बाजूला हो. माझ्याच त्या डाफरण्याच्या आवाजात. घरचे कसं सहन करतात कोण जाणे.

ड्रिल चालू आहे. पोरीचे हात आत आहेत.

लाल तोडलं. तोड. ते माझंच होतं. हिरवं मी डाव्या मुठीत घट्ट धरलंय, उजव्या हाताने लिहितेय. कटर थंड लागतोय बोटांना. तुला पोरगी हवी ना? आधी ही बोटं काप मग, एकेक करून काप, मी काही मूठ सो